बत्तीसचं गेज

बहिणीचा फोन आला की मी आधी आवाज कमी करतो, कारण ती नाशिकरोडहून बोलते ते फोन नसता तरी इकडे गंगापूर रोडला ऐकू आलं असतं. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती. भाच्याचं सगळं झालं होतं, म्हणजे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, दोन-तीन महिने फेऱ्या, आणि शेवटी कागदावर आलं ऑटिझम स्पेक्ट्रम. पोरगं सात वर्षांचं. तिने रिपोर्ट वाचून दाखवला आणि मग म्हणाली, "दादा, एका टेस्टची लिंक पाठवलीये, तू पण देऊन बघ. हा सगळा तुझ्यावर गेलाय, आई पण तेच म्हणते."

भाचा मामावर गेला हे एरवी बारशात कौतुकानं म्हणायचं वाक्य. मी हो म्हटलं आणि जेवून झाल्यावर गॅलरीत बसून लिंक उघडली.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, एकोणीस वर्षं झाली. मोजणं हाच धंदा. त्यामुळे टेस्ट द्यायच्या आधी मी टेस्ट कुणी बनवली ते बघितलं, सवयच आहे, नवीन इन्स्ट्रुमेंट आलं की आधी कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. तर ही ए-क्यू नावाची, केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि मंडळींनी २००१ साली काढलेली, प्रश्न ५०, मार्क ५० पैकी, आणि ३२ किंवा वर गेलात तर ऑटिझमची लक्षणं बऱ्यापैकी दिसतायत असं समजायचं. प्रत्येकाला चार पर्याय, पूर्ण सहमत, थोडा सहमत, थोडा असहमत, पूर्ण असहमत. गंमत म्हणजे थोडा आणि पूर्ण दोन्हीला मार्क सारखाच. मी प्रत्येक प्रश्नाला 'थोडा की पूर्ण' म्हणून पाच-पाच मिनिटं डोकं खाजवत होतो, ते सगळं फुकट. (आणि असं डोकं खाजवणं हेच लक्षण असेल तर त्याला मार्क नाहीत.)

प्रश्न तिकडचे. पार्टीला जाण्यापेक्षा लायब्ररीत जायला आवडेल का? आता पार्टी म्हणजे नक्की काय धरायचं, हळदीचा डीजे धरला तर मी लायब्ररी काय, भर मे महिन्यात मेनरोडला पार्किंग शोधायला पण जाईन. पुढे, म्युझियमपेक्षा थिएटर आवडतं का? इथे मी अडकलोच, कारण नाशिककर माणसाला हा प्रश्न लागूच पडत नाही, आमच्या सावानात, १८४० पासूनच्या वाचनालयात, पुस्तकं, वस्तुसंग्रहालय आणि सायखेडकर नाट्यगृह असा सगळा कारभार एकाच संस्थेचा. मी तिथे नाटक सुरू व्हायच्या आधी पुस्तक बदलून आलोय. याला काय टिक करायचं?

आणि मग तो प्रश्न आला. तुम्ही गाड्यांच्या नंबर प्लेट टिपता का? बाकी कशाला 'थोडा' म्हटलं असेन, याला पूर्ण सहमत. लहानपणी आम्ही पंचवटीत राहायचो तेव्हा ओट्यावर बसून मी तेच करायचो, वडिलांना वाटायचं पोराला गाड्यांचा नाद आहे, स्कूटर घ्यायला लावणार बापाला. गाड्यांचा नाद कधीच नव्हता, अजून नाही. आकड्यांचा होता.

पहिल्या फेरीत २९ आले. रात्री झोप येईना म्हणून परत दिली, ३३. माणूस तोच, गेज (म्हणजे मोजायचं साधन) तेच, मधे फक्त चार तास आणि एक ताकाचा ग्लास. आमच्याकडे असं झालं की पार्टला कुणी नाव ठेवत नाही, आधी गेज तपासतात. 'गेज आर अँड आर' म्हणतात त्याला, तोच पार्ट तोच माणूस परत परत मोजतो आणि मग दुसऱ्या माणसाला मोजायला देतात, आणि एकमेकांचं रीडिंग बघायचं नाही हा नियम. बघितलं की संपलं, माणूस नकळत आकडा जुळवतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हटलं, अगं, माझ्या वतीने हे भरशील का, मी काय भरलंय ते विचारू नको. ती पोळ्या करत होती. "अहो, तुमचं काय भरायचं, मला पाठ आहे," म्हणाली, आणि तवा उतरवून खरंच बसली. मी समोर बसलो तर मला आत पाठवलं. आतून मला फक्त तिचं हसू ऐकू येत होतं, सलग नाही, थांबून थांबून, आणि ते जास्त वाईट.

३५.

त्याच लिंकखाली दुसरी टेस्ट होती, एम्पथीची, ई-क्यू. ही २००४ ची, ६० प्रश्नांची, पण त्यातले वीस नुसते भरीचे, मार्क फक्त चाळीसना. माणसांपेक्षा प्राणी जास्त आवडतात का, यावर मी सोसायटीतल्या सगळ्या कुत्र्यांना आठवून प्रामाणिक उत्तर दिलं, नंतर कळलं तो भरीचा. इथे मार्क ८० पैकी आणि उलटं गणित, ३० किंवा खाली आलात तर विचार करा. एक प्रश्न होता, लहानपणी गांडुळं कापून बघायला मजा यायची का. नाही हो, घड्याळं. मला ३४ आले. बायकोने माझ्या वतीने भरली तर ४१.

म्हणजे बघा, तिच्या मते मी माझ्या अंदाजापेक्षा जास्त ऑटिस्टिक आणि माझ्या अंदाजापेक्षा जास्त मायाळू, दोन्ही एकदम. माझ्या डोक्यात हे दोन काटे उलट दिशेनेच फिरायचे, एक वर गेला की दुसरा खाली. मी विचारलं, चुकून उलटं टिक केलंस का कुठे? तर तिने एकेक प्रश्न काढला. "समोरच्याला वाईट वाटेल हे तुम्हाला आधी कळतं का, याला मी पूर्ण असहमत टाकलंय. तुमच्या त्या मित्राची वास्तुशांत आठवा." आठवली. मी हॉलमधली फरशी बघून म्हणालो होतो की दारापाशी दोन एमएमने उठलीये, ग्राउट भरायच्या आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं त्याला उपयोग होईल. त्याने परत बोलावलं नाही हे माझ्या लक्षातही बायकोने सांगितल्यावर आलं.

"आणि हे," ती म्हणाली, "कुणी रडताना दिसलं तर तुम्हाला विशेष काही वाटत नाही. तुम्ही काय टाकलं?" मी थोडा सहमत टाकलं होतं. खरं ते टाकलं होतं. वडील गेले तेव्हा सगळे रडत होते आणि मी खुर्च्या किती लागतील ते मोजत होतो, कोण कोण येऊन गेलं त्याची वहीत यादी करत होतो, पाहुण्यांमधे त्यावर नंतर बोलणं पण झालं. ती म्हणाली, "दहाव्याला रामकुंडावर आईंच्या चपला कुठे होत्या?" मला आठवेना. "तुमच्या पिशवीत. मे महिना, बाराला दहा कमी, घाटाचे दगड नुसते पेटलेले, सगळ्यांच्या चपला पार लांब राहिल्या होत्या. आई विधी संपवून उठल्या तर तुम्ही पायापाशी चपला मांडून ठेवलेल्या, त्यांनी पाय टाकला फक्त. बाकी आम्ही सगळे रडणारे नाचत गेलो गाडीपर्यंत." मला खरंच आठवत नाही. आठवत असतं तरी कुठल्या प्रश्नाला टाकलं असतं? चपलेचा प्रश्न नाहीये त्यात.

मग तिसरी पण दिली, डोळ्यांची. ३६ फोटो, नुसते डोळे कापलेले, आणि प्रत्येकाला चार शब्द, या डोळ्यांत काय दिसतंय ते निवडा. पेन्सिव्ह, अघॅस्ट, डिस्पॉन्डंट. मी डिप्लोमावाला माणूस, मला डोळ्यांपेक्षा शब्दांचाच अर्थ जास्त शोधावा लागला. बायकोने शब्द झाकून मराठीत सांगायला सुरुवात केली, "ही चिडलीये पण दाखवत नाहीये, हा पैसे मागायला आलाय, ही सासू." मार्क मोजायची काही सोय नव्हती पण मला ते सगळं बरोबर वाटलं.

क्वालिटीवाल्याला आकडा मिळाला की तो आकड्यावर बसतो, तसा मी त्या ३२ वर बसलो. मूळ अभ्यासात ऑटिस्टिक लोकांपैकी ८० टक्के ३२ किंवा वर होते, इतरांमधे २ टक्के. ऐकायला गेज झकास. पण समजा हजार जणांनी नुसती लिंक आली म्हणून टेस्ट दिली आणि त्यात दहा जण खरे ऑटिस्टिक असले, तर दहातले आठ वर जाणार, आणि उरलेल्या ९९० चे दोन टक्के म्हणजे वीसेक तेही वर. वर गेलेले अठ्ठावीस, त्यात खरे आठ, आणि दोन खरे खालीच राहून गेले. ई-क्यूचं तर इतर लोकांपैकी १२ टक्के ३० किंवा खाली होते. शंभरात बारा चांगले पार्ट रिजेक्ट करणारं प्लग गेज मी पहिल्याच दिवशी स्टोअरला परत पाठवीन. अर्थात बनवणाऱ्यांनी हे निदान आहे असं कधी म्हटलेलंच नाही, भाच्याचं निदान करायला माणसं त्याच्यासोबत तासन्‌तास जमिनीवर बसली होती, बहिणीला त्याच्या पहिल्या शब्दापासून विचारत होती. लिंकवर सात मिनिटांत होतं ते वेगळं काम.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात आणि तो शब्द मला पहिल्यापासून खटकतो. मूळ शब्द तसाच आहे म्हणा, ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९११ च्या सुमाराला ग्रीक 'स्व' वरूनच तो केला, तोही दुसऱ्याच आजाराबद्दल बोलताना. पण भाच्याकडे बघून 'स्व' मधे मग्न कसं म्हणायचं? तो स्वतःत कुठे असतो, तो सदैव समोरच्या वस्तूत असतो, आपण फक्त त्या वस्तूत नसतो एवढंच. डेमियन मिल्टन म्हणून एक समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मधे हेच मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाला आपलं कळत नाही तसं आपल्यालाही त्याचं कळत नाही, पण मार्क फक्त एकाच बाजूचे कापले जातात. आमच्या भाषेत दोन ऑपरेटरची रीडिंग जुळत नाहीयेत आणि दर वेळी एकाच ऑपरेटरला मेमो.

बहिणीला मी सांगितलं, २९, ३३ आणि वहिनीच्या हिशोबाने ३५. "मग धरायचे कुठले?" म्हणाली. मी म्हटलं रविवारी त्याला घेऊन ये.

रविवारी आली. भाचा कुणाशी न बोलता सरळ गॅलरीत गेला, स्टूल ओढलं आणि बसला. मी शेजारी खुर्ची टाकली. खाली सिग्नलची रांग. एमएच-१५, एमएच-१५, एमएच-१५, मग एक एमएच-४१. "मालेगाव," तो म्हणाला. एमएच-१८ आली, मी म्हटलं "धुळे," त्याने मान हलवली, म्हणजे बरोबर. अर्धा तास आम्ही एवढंच बोललो. आत बहीण आणि बायको माझ्याबद्दल बोलत असाव्यात, फरशी हा शब्द ऐकू आला. मधेच भाच्याने माझ्याकडे न बघता स्टूल वीतभर डावीकडे सरकवलं. मी विचारलं काय झालं.

"तुझ्या मधे खांब येतो, मामा. इकडे सरक, गाडी वळते तिथून दिसतं."