सरांची तार आणि जाळ्याचं शिसं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि डोळ्यांसमोर आले ते शास्त्राचे सर. आमच्या पिढीला नाव सांगायची गरज नाही.

नववीत त्यांनी रिफिलएवढी जाड तांब्याची तार माझ्या हातात दिली. "वाकव." सहज वाकली. "आता सरळ कर." बाक निघेना; तार त्याच्या शेजारीच वाकायला लागली. सरांनी ती पंपाच्या स्टोव्हवर लाल केली, पाण्यात बुडवून परत दिली. पुन्हा मऊ! तांबट हंडा ठोकता ठोकता मध्येच भट्टीत का घालतो, ते त्या दिवशी कळलं.

मग मागच्या बाकावरच्या मित्राने घरून आणलेलं, मासेमारीच्या जाळ्याला लावायचं शिसं. ते कितीही वाकवा, ताठ होईना. का, ते सरांनी लगेच सांगितलं नाही. हात धुतल्याशिवाय डबा मात्र उघडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर केल्विनमधले, म्हणजे थंडीच्या अखेरच्या टोकापासून मोजलेल्या तापमानाचे आकडे : तांबं वितळतं १३५८ला, शिसं ६००ला, आपला वर्ग ३००. "शिसं इथेच वितळण्याच्या अर्ध्या वाटेवर आहे. त्याला मऊ व्हायला स्टोव्ह कशाला?"

आज मी ९९.९९ टक्के शुद्ध ॲल्युमिनियमच्या १० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या हवेच्या साठ हजार पट दाबाखाली पिळतो. पीळ कडेला जास्त, मध्यावर कमी. म्हणजे वाकवलेल्या तारेसारखी कड जास्त कठीण हवी. पहिली चकती मोजली तर उलटंच! यंत्र दोनदा तपासलं. मग शिसं आठवलं. ॲल्युमिनियम वितळतं ९३३ला, म्हणजे खोलीतच ते एक तृतीयांश वाटेवर. शिवाय त्याच्या स्फटिकांतल्या दोषरेषा, म्हणजे अणूंची मांडणी जिथे चुकते त्या रेषा, सहज वाट बदलतात आणि समोरासमोर आल्या की एकमेकींना मिटवतात. आधी त्यांचा गुंता वाढून धातू कठीण होतो. आणखी पिळला की गुंता सुटतो आणि कठीणपणा उतरून एका पातळीवर थांबतो. कड तो टप्पा ओलांडून गेली होती, मध्य अजून चढणीवर होता.

हे सरांना कळवायचं होतं. लिहीन लिहीन म्हणता ते गेले, आणि मला समजलं सहा महिन्यांनी. ते पत्र न लिहिल्याचं दुःख अजून जात नाही.

गेल्या वर्षी शाळेत आलो, तर प्रयोगशाळेच्या जागी संगणक कक्ष. वाईट वाटलं. नववीच्या मुलांसाठी तांब्याची तार आणि स्टोव्ह मी पाठवतो आहे. शिसं मात्र बंदरावरूनच आणा, आणि मुलांना हात धुवायला लावा.