छाङ, चाङ, साङ: थाई शिकताना कखगघची झालेली मदत

बँकॉकमध्ये हत्तीला छाङ म्हणतात, उत्तरेतल्या चियांग माईकडे चाङ, आणि इसानमध्ये साङ. थाई लिपीत शब्द एकच. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, आणि हे नावही आपल्या 'ईशान'वरूनच आलं आहे. हे तीन उच्चार वेगवेगळे पाठ करायची गरज नाही. त्यांच्यामागे नियम आहे आणि त्याची किल्ली कखगघङ म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे असते. मी ती फार उशिरा वापरली.

सुरुवातीचे दोन महिने मी रोमन लिपीतून शिकलो. ही चूक कुणीही करू नये. सरकारी रोमन पद्धतीत सूर दाखवत नाहीत, स्वर लांब की आखूड तेही दाखवत नाहीत. च आणि छ दोन्हींना एकच खूण, ओ आणि ऑ यांनाही एकच. 'जवळ' आणि 'लांब' या दोन्ही शब्दांचं रोमन रूप तर एकच होतं: क्लाइ. उतरता सूर लावला तर जवळ, सपाट लावला तर लांब. रस्ता विचारताना यापेक्षा वाईट घोटाळा दुसरा नाही.

मग लिपी घेतली. व्यंजनं 44, त्यांतली 2 वापरात नाहीत. मुलांना ती नावांसकट शिकवतात: कॉ काइ (कोंबडी), खॉ खाइ (अंडं), खॉ ख्वाइ (म्हैस), खॉ रखाङ (घंटा), ङॉ ङू (साप). तीन अक्षरांचा उच्चार ख का, हा प्रश्न हा क्रम पाहिल्यावर मिटतो, कारण ही ओळ आपल्या क ख ग घ ङ चीच आहे. जुन्या थाईत ग, द, ब खरोखर घोष होते, म्हणजे ते म्हणताना घशात कंप व्हायचा. पुढे घोष गेला, ते ख, थ, फ झाले आणि फरक सुरात उरला. म्हणून 'भाषा' हा शब्द थाईत फासा होतो. आपला ळ सुद्धा लिपीत आहे, फक्त उच्चार ल होतो. चुलालोंगकॉर्न हे नाव त्याच ळ ने लिहितात.

सूर ठरवायला अक्षरांचे तीन गट लागतात आणि पुस्तकं ते घोकून घ्यायला सांगतात. घोकू नका. वर्गाचा पहिला रकाना (क च ट त प) म्हणजे मधला गट. दुसरा रकाना (ख छ ठ थ फ) आणि श ष स ह म्हणजे वरचा गट. तिसरा, चौथा, पाचवा रकाना आणि य र ल व म्हणजे खालचा गट. थाईतल्या खऱ्या ब आणि द साठी वेगळी अक्षरं जोडली आहेत, ती मधल्या गटात जातात. एवढं कळलं की मोजकी जादा अक्षरंच लक्षात ठेवायची राहतात.

सूर पाच: सपाट, खालचा, उतरता, वरचा, चढता. वर सूर दाखवणारी खूण नसलेलं अवयव (एका दमात म्हटला जाणारा शब्दाचा तुकडा) 'जिवंत' असेल, म्हणजे दीर्घ स्वराने किंवा म न ङ य व ने संपत असेल, तर मधल्या आणि खालच्या गटात सूर सपाट, वरच्या गटात चढता. मा (येणे) सपाट. कुत्र्याच्या 'मा'आधी एक मूक ह लिहितात, तो म ला वरच्या गटात नेतो, म्हणून सूर चढता. घोड्याच्या 'मा'वर दुसरी सूरखूण असते, म्हणून सूर वरचा. 'मृत' अवयव, म्हणजे क त प ने किंवा ऱ्हस्व स्वराने संपणारं, मधल्या आणि वरच्या गटात खालच्या सुरात जातं. खालच्या गटात स्वर दीर्घ असेल तर उतरता, ऱ्हस्व असेल तर वरचा.

मराठी तोंडाच्या अडचणी इंग्रजी बोलणाऱ्यांहून वेगळ्या असतात. क-ख, त-थ, प-फ हे फरक आपल्याला आयते मिळतात. पण आपण फ दात लावून म्हणतो आणि तिथेच फसतो: दोन्ही ओठांचा फन म्हणजे हजार, दातांचा फन म्हणजे दात. शेवटचे क, त, प आपण फोडून सोडतो, थाईत ते बंद करून तिथेच धरायचे. शब्दाच्या शेवटचे र आणि ल न होतात, म्हणून आहार म्हणजे आहान. सगळ्यांत चिवट सवय प्रश्नाच्या सुराची. मराठीत प्रश्न विचारताना शेवट वर नेतो. अराइ (काय) सपाट संपायला हवा, तो वर गेला की शब्दच बिघडतो. मी 'प्रात' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आवाज टाकून सुराची रेघ पाहिली, तेव्हा ही सवय दिसली. कानाला ती ऐकू येत नव्हती.

यानंतर बाजार आला. बँकॉकच्या रोजच्या बोलण्यात र चा ल होतो आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण गळतो. ख्रप (जी) चा खप, प्ला (मासा) चा पा. पुस्तकी उच्चार बोला, पण ऐकताना दोन्ही धरा.

उत्तरेची बोली कम मुअङ. बँकॉकवाले तिलाच खम मुअङ म्हणतात आणि या नावातच नियम दिसतो. उत्तरेत तिसऱ्या रकान्याचा घोष गेला, पण महाप्राण (ख, थ, फ मधला ह चा श्वास) आला नाही. खोन (माणूस) कोन, थाङ (वाट) ताङ, फी (थोरलं भावंड) पी, आणि छाङ अर्थातच चाङ. चौथ्या रकान्यातले शब्द बहुतेक संस्कृत-पालीचे, त्यांत महाप्राण टिकतो. इसानची बोली शेजारच्या लाओसच्या लाओ भाषेच्या जवळची. तिथे थ, फ तसेच राहतात, पण छ चा स होतो, म्हणून साङ. र चा ह उत्तरेत आणि इसानमध्ये दोन्हीकडे: रक (प्रेम) हक, रॉन (गरम) हॉन. इसानमध्ये 'नाही' म्हणजे बॉ, बोलणे म्हणजे वाव, चविष्ट म्हणजे सॅप. उत्तरेत चविष्टला लम. दक्षिणेत पहिलं अवयव गळतं: अरॉइ चं रॉइ, तलात (बाजार) चं लात. बोलण्याचा वेगही तिकडे जास्त.

सुरांसाठी मी भाषाशास्त्रज्ञ विल्यम गेडनी यांचा 1972 सालचा 20 खणांचा तक्ता वापरला. त्यात जुन्या व्यंजनांच्या चार ओळी आणि सुरांचे पाच रकाने. प्रत्येक खणासाठी रोजचा एक शब्द घेतला: हू (कान), खाइ (अंडं), खाव (भात), पी (वर्ष), पा (जंगल), बान (घर), फॉ (वडील), नाम (पाणी), नोक (पक्षी), लूक (मूल) असे. नव्या ठिकाणी हे 20 शब्द विचारले की कुठल्या खणांचा सूर एक आणि कुठल्यांचा वेगळा, ते अर्ध्या तासात कळतं. पण शब्द वाचायला देऊ नका. लिहिलेलं दिसलं की माणूस शाळेतला बँकॉकी उच्चार करतो. वस्तू किंवा चित्र दाखवा, गावात काय म्हणता ते विचारा. शब्दांचा क्रम बदलून दुसऱ्यांदा विचारा, कारण यादी म्हणताना आवाज आपोआप एका लयीत जातो. ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्या.

इसानचे लोक परक्याशी बँकॉकी थाईतच बोलतात. त्यांच्या बोलीची नक्कल करून हसवणं तिथे खूप झालं आहे आणि ते बोचतं. म्हणून मी पहिले काही आठवडे बोली फक्त ऐकली, उत्तरं प्रमाण थाईत दिली. तोंडातून पहिला शब्द काढला तो बॉ, तोही समोरच्या बाईंनी 'म्हणून बघा' म्हटल्यावर.