आधी दाबला तर डोक्यावर, नंतर दाबला तर पायाशी

अकोले तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. ग्रामपंचायतीने दोन टॅब दिले. व्हिडिओ लावणं, आवाज वाढवणं पोरांना दोन दिवसांत जमलं. वाचन मात्र होतं तिथेच.

शाळेत रेंज नाही. म्हणून मी घरूनच 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी पीडीएफमध्ये उतरवून नेऊ लागले. 2015 साली सुरू झालेला हा गोष्टींचा साठा मोफत आहे आणि परवाना खुला, त्यामुळे छापून वाटायलाही अडचण नाही. गोष्टींच्या चार पातळ्या असतात. चौथीतल्या मुलांना मी सरळ चौथी पातळी दिली, ती माझी चूक झाली. मुलं नुसती चित्रं सरकवत राहिली. पहिल्या पातळीवर, पानाला एक-दोन ओळींवर आले, तेव्हा कुठे बोट शब्दांखालून फिरू लागलं.

अडायचं ते जोडाक्षरापाशी. तिसरीतली एक मुलगी 'सूर्य' हा शब्द रोज 'सूयर' वाचायची. फळ्यावर किती वेळा फोड करून दाखवली, तरी तेच. एके दिवशी तिला टॅबवर तो शब्द लिहायला लावला. बोलून टाइप होतं तो माइक मी मुद्दाम बंद ठेवते, कारण अक्षर बोटाखालून गेलं पाहिजे. तिने सू लिहिला, मग र, मग पाय मोडायची खूण, मग य. आणि र टुणकन य च्या डोक्यावर जाऊन बसला. ती टॅबकडे बघतच राहिली. "बाई, र आधी दाबायचा असतो!"

हातानं लिहिताना आपण रफार शेवटी काढतो, म्हणून मूल तो शेवटी वाचतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग वर्गच त्याच्या मागे लागला. 'गर्दी', 'पर्वत', 'वर्ग' झाले. 'प्रकाश' लिहिताना र खाली गेला, तेव्हा नियम पोरांनीच काढला: आधी दाबला तर डोक्यावर, नंतर दाबला तर पायाशी. 'ञ' कुठे वापरतात, असं चौथीतला एक जण वर्षभर विचारत होता. तो त्याला 'ज्ञ' मध्ये सापडला.

दिवाळीनंतर मुलं स्वतःच्या गोष्टी लिहू लागली. त्या मुलीने शेळीवर नऊ ओळी लिहिल्या. मी तालुक्याला प्रिंट काढून स्टेपल करून दिल्या. त्या तिने घरी आजीला दोनदा वाचून दाखवल्या.

परवा शाळा सुटल्यावर ती डेअरीच्या भिंतीपाशी थांबली होती. 'दूध संकलन केंद्र' हे शब्द बोट न लावता वाचले आणि मागे वळून म्हणाली, "बाई, ह्यातला र नंतरचा आहे."