साडेदहाचा आरसा

आमच्या हॉटेलात रिसेप्शनच्या मागे, पाहुण्यांना दिसणार नाही अशा बेताने, एक उंच आरसा लावलेला आहे. ड्युटीवर येणाऱ्याने आधी त्यात स्वतःला बघायचं आणि मगच काउंटरला उभं राहायचं, असा नियम. माझी पाळी सकाळी ७ ची. सातला त्या आरशात दिसायची ती मी बरी असायची. साडेदहाला पाणी प्यायला मागे गेले की तिथे दुसरीच कोणीतरी उभी असायची. कपाळ चकचकीत, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फाउंडेशन बारीक ठिपक्याठिपक्यांनी रंध्रांत जाऊन बसलेलं, संत्र्याच्या सालीवर कोणी रंग फिरवावा तसं. गालावर अंगठा टेकवला तर अंगठ्याचा ठसा उठायचा.

त्वचा तेलकट हे मला नववीपासून माहीत होतं. तोवर इलाज एकच होता, रुमाल. पण रिसेप्शनची नोकरी लागली आणि ‘हलका मेकअप आवश्यक’ हे पत्रातच लिहून आलं. ते वाचून आई म्हणाली, “इतलें तेल तोंडाक आसतना आनिक कितें लायता गो?” तेव्हा मला राग आला होता. प्रश्न मात्र बरोबर होता.

सुरुवात एका मोठ्या दुकानातून झाली. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मनगटावर तीन पट्टे ओढले, पिवळ्याधमक दिव्याखाली हात वळवून बघितला आणि मधला पट्टा माझा म्हणून जाहीर केला. वर सांगितलं, “हे लावलं की ग्लो येतो.” ग्लो हा शब्द ऐकून मी तेव्हाच उठायला हवं होतं. ज्याच्या नाकावर आधीच दिवाळी आहे त्याने ग्लो विकत घ्यायचा नसतो. मी घेतला. दुसऱ्या दिवशी म्हापशाहून सहाची शटल बस धरली. पणजीला उतरून पहिल्यांदा मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं, तर चेहरा मानेपेक्षा दोन छटा काळा आणि किंचित नारिंगी. दुकानात जुळणारा रंग पर्वरी ओलांडेपर्यंत बदलला होता.

याला ऑक्सिडाइझ होणं म्हणतात, हे नंतर कळलं. फाउंडेशन हवेत आणि त्वचेवरच्या तेलात मिसळलं की थोड्या वेळाने गडद होतं, आणि तेलकट त्वचेवर ते जास्त दिसतं. म्हणून शेड मनगटावर बघायचीच नाही. जबड्याच्या कडेला, मानेच्या वर एक बोट लावायचं, दुकानाबाहेर उन्हात यायचं, अर्धा तास बाजारात हिंडायचं आणि मग ठरवायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अर्धा तास काढायला कोणाला काही निमित्त लागत नाही. दुसऱ्या खेपेला मी जबड्यावर दोन पट्टे घेऊन तिथे चुरीसाची, म्हणजे गोव्याच्या सॉसेजची, लांब माळ निवडत उभी होते. विकणारी बाई एकदा माळेकडे बघे, एकदा माझ्या जबड्याकडे. विचारलं काही नाही.

मे महिना असाच गेला. तेल दिसलं की पावडर, पुन्हा दिसलं की पुन्हा पावडर. दुपारी एकपर्यंत चेहऱ्यावर चार थर, आणि तेल व पावडर एकत्र येऊन जे होतं त्याला पिठलं हाच शब्द आहे. घरी गेले की साबणाने खसाखसा तोंड धुवायची, दिवसातून पाच वेळा. त्याने गाल ओढल्यासारखे होऊन लाल पडले, नाक तसंच.

जूनमध्ये बहिणीच्या ॲलर्जीसाठी तिला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, घेऊन गेले होते. तिचं झाल्यावर मी आपलं लाजत डॉक्टरांना विचारलं, ही भोकं बंद कशी करायची? त्यांनी हसून सांगितलं की रंध्रांना दार नसतं. त्यांना स्नायूच नसतात, त्यामुळे वाफेने ती उघडत नाहीत आणि बर्फाने बंद होत नाहीत. ती किती मोठी दिसतात हे आनुवंशिकतेवर, तेल किती सुटतं त्यावर आणि वयाने व उन्हाने त्वचा किती सैलावली आहे त्यावर ठरतं. आपल्या हातात एवढंच की ती तुंबू द्यायची नाहीत. तेल आणि मृत पेशी साठून काळ्या पडल्या की तीच रंध्रं दुप्पट मोठी दिसतात. दोन टक्क्यांचं सॅलिसिलिक ॲसिड, आठवड्यातून दोन-तीन रात्री. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्राच्या आत शिरू शकतं. साबण बंद, सौम्य फेसवॉश दोनदाच, आणि सकाळी जेलसारखं हलकं सनस्क्रीन. खोबरेल तोंडाला नको, हेही वर. ते मी आईला सांगितलं नाही. आमच्या घरात खोबरेलाविरुद्ध बोलणं म्हणजे नारळाविरुद्ध बोलणं.

पंचेचाळीस दिवसांनी नाकावरचे काळे ठिपके खरंच कमी झाले. तेल कमी झालं नाही. आणि तोवर पाऊस सुरू झाला होता.

गोव्यातला जुलै ज्याने अंगावर काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. हवेत इतकी ओल असते की कपाटातल्या चपलेला बुरशी येते आणि मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवावे लागतात. घाम सुटतो पण वाळत नाही. तेलाच्या जोडीला पाणी आलं की कोणतंही फाउंडेशन वाहायला लागतं. पुण्यातल्या मैत्रिणीने ‘हे लाव, बारा तास हलत नाही’ म्हणून पाठवलेलं माझ्याकडे अडीच तास टिकलं. ते तिच्याकडे बारा तास टिकत असणार. तिच्या शहरात कपडे एका दिवसात वाळतात.

मग मी एक खूळ केलं, अर्ध्या चेहऱ्याचं. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दुसरं. सात, दहा, एक आणि तीनला त्या आरशासमोर मोबाइलवर फोटो, आणि खाली दोन शब्दांची नोंद: ‘डावं बरं’, ‘उजवं फुटलं’. पाहुण्यांना कळत नसे. सोबतच्या पोरीला कळायचं. ती म्हणायची, आज तू कोणत्या बाजूने चेक-इन घेणार?

एक गोष्ट मला या खुळातूनच सापडली. डावीकडे प्रायमर, म्हणजे फाउंडेशनखालचा थर, लावून वर फाउंडेशन फिरवलं की त्याच्या बारीक सुरळ्या व्हायच्या, खोडरबराने वहीतलं पुसल्यावर पडतात तशा. उजवीकडे तेच प्रायमर, दुसरं फाउंडेशन, काही नाही. मी दोष हाताला देत होते. एका रात्रपाळीत काम नव्हतं म्हणून दोन्ही बाटल्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचत बसले. प्रायमरमध्ये सुरुवातीलाच डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोन. ते गुळगुळीत असतं, रंध्रांच्या खड्ड्यांत लांबी भरावी तसं भरतं, आणि पाण्याला धरत नाही. डावीकडचं फाउंडेशन पाण्याचं होतं, यादीत सिलिकोनचा पत्ता नाही. सिलिकोनवर पाणी बसेना म्हणून ते गोळा होत होतं. उजवीकडच्यात पाण्याच्या लगेच खाली ‘सिलोक्सेन’ने संपणारं एक लांबलचक नाव होतं. तेव्हापासून मी पहिली पाच नावं वाचते. शेवट ‘कोन’ किंवा ‘सिलोक्सेन’ असा असेल तर सिलिकोनच्या पंक्तीतलं. नुसतं पहिलं नाव बघून फसायला होतं, कारण पाणी बहुतेक फाउंडेशनमध्ये पहिलं असतं. एका पंक्तीतलं प्रायमर आणि त्याच पंक्तीतलं फाउंडेशन, एवढं पाळलं आणि सुरळ्या थांबल्या. तीन महिने मी ज्याला महागड्या वस्तूंची गरज समजत होते ते नुसतं न जुळणं होतं.

प्रायमर सगळ्या तोंडाला लावायचं नाही हेही तेव्हाच कळलं. चवळीच्या अर्ध्या दाण्याएवढं घ्यायचं आणि फक्त नाक, नाकाशेजारचे गाल आणि भुवयांच्या मधला भाग. बोटाने वरून खाली, मग आडवं, रंध्रं सगळ्या दिशांनी भरतील असं. कपाळाला माझ्या त्याची गरजच नव्हती.

दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नांची रांग लागते. मावसबहिणीच्या लग्नाला फोंड्याला गेले तेव्हा मी स्वतःवर खूश होते. आदल्या आठवड्यात ‘एचडी’ लिहिलेली पांढरी पावडर घेतली होती, ती भरपूर लावली. आरशात अप्रतिम. फोटो आले तर सगळ्या खानदानात माझा एकटीचा चेहरा पिठाच्या डब्यात पडल्यासारखा. त्या पावडरीतलं सिलिका फ्लॅशचा उजेड परत फेकतं, आणि खाली जस्ताचं सनस्क्रीन होतंच. तो फोटो फ्रेम करून मावशीच्या हॉलमध्ये लावलाय. मी तिकडे पाठ करून बसते.

खरं शिक्षण मात्र डिसेंबरात झालं, पेडण्याकडे मामाच्या गावी. जत्रेच्या दुसऱ्या रात्री गावकऱ्यांचं मराठी नाटक असतं, मामा त्यात दरवर्षी कोणीतरी राजा किंवा खलनायक. रंगपटात, म्हणजे देवळाच्या अग्रशाळेतल्या एका खोलीत, रंगभूषेचे काका पत्र्याची ट्रंक उघडून बसले होते. ट्रंकेत पॅनकेकच्या, म्हणजे ओल्या स्पंजने लावायच्या दाबलेल्या रंगाच्या, डब्या. हा पॅनकेक मॅक्स फॅक्टरने १९३० च्या दशकात रंगीत सिनेमासाठी काढला आणि फिरत फिरत आमच्या जत्रेत पोचला. मामा माझ्याच घराण्यातला. त्याचं नाकही तसंच. मी बघत राहिले. काकांनी आधी ओल्या फडक्याने त्याचं तोंड थंड केलं आणि कोरडं टिपलं. स्पंज पाण्यात बुडवून असा पिळला की त्यातून थेंब निघेना. मग तो डबीवर फिरवून मामाच्या गालावर टपटप, टपटप. एकदाही ओढला नाही. नाकाशी आल्यावर स्पंज दुमडून त्याची कड आत दाबली. एक पातळ हात दिला आणि दुसऱ्या नटाकडे वळले. पाच मिनिटांनी परत आले, पावडरीचा पफ हातावर झटकला आणि गालावर दाबून किंचित वळवला, पोळीवर रुमाल दाबतात तसा.

मी विचारलं, ब्रशने का नाही?

“घांसूं नाका, दामून लाय,” काका म्हणाले. घासलं की रंग खड्ड्याच्या कडेला साठतो आणि खड्डा उठून दिसतो. दाबलं की सपाट बसतो. आणि दोन थरांच्या मध्ये वाट बघायची. वाट कोण बघत नाही, असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं.

नाटक पहाटे चारला संपलं. मामा तीन अंक ओरडला, दोनदा मेला, घामाने झगा भिजला. चेहरा जागेवर.

तेव्हापासून माझा ब्रश कपाटात आहे. आता सकाळचं असं चालतं. सनस्क्रीन लावायचं आणि चहा प्यायचा, दहा मिनिटं. प्रायमर नाकापुरतं, पुन्हा पाच मिनिटं. फाउंडेशन मॅट, म्हणजे न चमकणारं, मी मेबेलिनचं ‘फिट मी’ मधलं मॅट वापरते. ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने, तोंडाच्या मधल्या भागात दाबून, कडेला जवळजवळ काही नाही. गालाची कातडी आहे तशी दिसली तर दिसू दे. लूज पावडर फक्त तेल सुटतं तिथे, पफने दाबून. चमचम असलेलं काहीही गालावर नाही, कारण चमक रंध्राच्या कडेवर उजेड पाडते. सेटिंग स्प्रेने मला फारसा फरक पडला नाही.

आणि पर्समध्ये ब्लॉटिंग पेपर. तेल दिसलं की आधी कागद दाबायचा, तेल वर येऊ द्यायचं, मग वाटलं तरच पावडर. बहुतेक वेळा वाटतच नाही. साडेदहाला आता कपाळावर थोडी चकाकी असते, नाकाशेजारी काही गोळा झालेलं नसतं. दुपारी एकला एक कागद, तीनला सुटी. जुलैत दोन कागद. रंध्रं जवळून बघितली तर आहेतच. काउंटरची रुंदी तीन फूट आहे, तेवढ्या अंतरावरून दिसत नाहीत, आणि त्याहून जवळ येणाऱ्या पाहुण्याला मी मॅनेजरकडे पाठवते.

रात्री हे सगळं काढायला मी क्लेन्झिंग ऑइल वापरते, म्हणजे तेलच. मेकअपमधलं सिलिकोन आणि मेण नुसत्या पाण्याने निघत नाही, तेलाने सुटतं, त्यावर फेसवॉश. पहिल्यांदा आईने बाटली वाचली आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

यंदा गणेश चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधून झाली, आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला घेतल्या होत्या आणि चुलीपुढे आम्ही सगळ्याच चकचकीत झालो होतो. मी पर्समधलं पाकीट काढून एक कागद नाकाला लावला, एक आईला दिला. तिने तो उजेडात धरून किती तेल आलं ते बघितलं आणि काही न बोलता आणखी एक मागितला. तेवढ्यात बाबा आरतीचं पुस्तक शोधत आत आले. त्यांनी पाकिटातून दोन कागद ओढले, चष्म्याची काच पुसली आणि म्हणाले, “बरें पुसता मगो हें!”

ते पाकीट आता देवघरातल्या फडताळात, आरतीच्या पुस्तकाशेजारी असतं. मी दुसरं आणलं.