सांगली कोर्टात मुदत मागायला जाताय? तयार मजकुराचा अर्ज देऊ नका

पहिली फसगत कोर्टात शिरायच्या आधीच होते. जिल्हा न्यायालय आता विजयनगरला आहे, सांगली-मिरज रस्त्यावर. तरी बाहेरगावच्या माणसाला कोणीतरी राजवाडा चौकातल्या जुन्या कोर्टाकडे धाडतोच, आणि रिक्षाचं भाडं दोनदा बसतं. स्टँडवरून मिरजेची सिटी बस धरा आणि विजयनगरला उतरा. दावा मिरज, विटा किंवा जतच्या कोर्टात चालू असेल तर सांगलीला यायचंच नाही. समन्सवर कोर्टाचं नाव नीट वाचा.

दुसरी फसगत महागात पडते. "अर्ज टाकला की तारीख मिळते" असं सगळे सांगतात. तसं नाही. कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांकडे मुदतीच्या अर्जाचा मजकूर तयारच असतो: "वकील दुसऱ्या कोर्टात कामात असल्याने आज काम चालवता येत नाही." फक्त नाव आणि नंबर बदलायचे, आणि चार ओळींना मागतील ते पैसे द्यायचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये मात्र नेमकं हेच कारण मुदतीला पुरेसं नाही असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पैसे देऊन नामंजुरी विकत घ्यायची. याच आदेशात सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी (म्हणजे पुढची तारीख) नाही असंही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अगदी नाइलाजाच्या प्रसंगापुरती त्यातून वाट ठेवली, पण तिच्या भरवशावर राहू नका.

अर्ज हाताने लिहिला तरी चालतो. वर कोर्टाचं नाव, दावा नंबर, वादी-प्रतिवादी. मग आज दावा कशासाठी लागलाय (उलटतपास, पुरावा, युक्तिवाद), कारण आणि किती दिवस हवेत. कोर्ट फीचं तिकीट लावा. आजारपण असेल तर नुसतं "तब्येत बरी नाही" नको. डॉक्टरांच्या दाखल्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत प्रवास करता येणार नाही हे हवं. ऊसतोड आली हे कारण आपल्याकडे खरं असतं, पण "घरातलं दुसरं कोणी फडावर थांबू शकत नाही का?" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर अर्जातच लिहा. शेवटी "न्यायालय ठरवेल तो खर्च देण्यास तयार आहे" ही ओळ घाला. या एका ओळीने बराच फरक पडतो.

तीन प्रती काढा: कोर्टाला, समोरच्या वकिलाला आणि तिसरी पोच म्हणून आपल्याला. खरी कसोटी 11 पासून पुकारा होईपर्यंत. त्या आधीच समोरच्या वकिलाला गाठा आणि अर्जावर त्यांचं म्हणणं, म्हणजे "से", लिहून घ्या. "हरकत नाही" मिळालं तर अर्धं काम झालं. हे राहिलं तर अर्ज म्हणण्यासाठी बाजूला पडतो आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून डोकं उठतं. चहाला खाली गेलात आणि पुकारा झाला तर त्याहून वाईट: वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल तर दावा निकाली निघतो, म्हणजे फेटाळला जातो; प्रतिवादी गैरहजर असेल तर एकतर्फी चालतो. निकाली निघालेला दावा पुन्हा फाईलवर घ्यायला 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. तेव्हा दाराशीच थांबा. बरोबर भाऊ-मेव्हणा आला तरी अधिकारपत्राशिवाय तो तुमच्या जागी उभा राहू शकत नाही.

समोरच्याचा साक्षीदार लांबून येऊन बसला असेल त्या दिवशी मुदत मागूच नका. "उलटतपास नाही" असा आदेश झाला तर तो रद्द करून घेण्यात पुढच्या तारखा जातात.

कैफियतीचं, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचं, गणित वेगळं: समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, कोर्टाने कारण नोंदवून वाढवले तर एकूण 90.

वकील परवडत नसेल तर टायपिंगवाल्याकडे न जाता आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

अर्जाच्या समासात "खर्चासह मंजूर" असा शेरा आला तर रक्कम वाचून घ्या आणि पुढच्या तारखेला ती आधी भरा. कलम 35-ब प्रमाणे, तो खर्च दिल्याशिवाय तुमची बाजू पुढे चालवू देत नाहीत. समोरच्याने पैसे हातात घेतले तर पोचेची पुरशीस (कोर्टाला दिलेली लेखी माहिती) दाखल करून घ्या. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघा आणि रोजनाम्याशी (दाव्यातल्या कामकाजाच्या रोजच्या नोंदीशी) ताडून घ्या.