बलक काढलेलं अंडं

"बलक काढलाय हो. त्यात कोलीन असतं, गाठीला तेच लागतं म्हणे."

कोथरूडच्या काकूंनी काकांसमोर ताटली ठेवली. उकडलेलं अंडं, उभं चिरलेलं, मधोमध दोन गोल खळगे. काका केमोवर आहेत, शर्ट खांद्यावरून घसरतोय. त्यांनी मुकाट्याने मीठ भुरभुरलं.

"डॉक्टर म्हणाले का?"

"छे, ग्रुपवर आलं होतं."

गंमत म्हणजे फॉरवर्ड अगदीच थापेबाजी नव्हती. पेशीचं आवरण बांधायला कोलीन हे पोषकद्रव्य लागतं. बऱ्याच कॅन्सरपेशींत कोलीन कायनेज नावाचं एन्झाइम जास्त जोमाने चालतं आणि फॉस्फोकोलीन, म्हणजे कोलीनचंच एक रूप, साठतं. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआय यंत्रावर पेशींतली रसायनं मोजणाऱ्या तपासणीत, आलेखावर कोलीनचा उंच सुळका दिसतो तो त्यामुळेच. प्रोस्टेटचा कॅन्सर उलटला तर शोधायला कोलीनचं पेट (PET) स्कॅनही आहे, किंचित किरणोत्सारी कोलीन टोचून काढतात ते. अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं.

पण बिघाड त्या एन्झाइमच्या कारभारात आहे, काकांच्या ताटलीत नाही. रास (RAS) नावाच्या जनुकासारखी बिघडलेली जनुकंच त्याला चेव आणतात. शिवाय यकृत थोडं कोलीन स्वतःच बनवतं, म्हणजे बलक काढून गाठ उपाशी राहत नाही. कोलीन फारच कमी पडलं तर त्याच यकृतात चरबी साचते. आणि वजन उतरत असताना बलकातली प्रथिनंही फुकट गेली, ती वेगळीच.

काकूंना एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी आहारतज्ज्ञांना विचारा. "विचारते," म्हणाल्या, पण चेहऱ्यावर ग्रुपवरचाच विश्वास जास्त.

तुमच्याकडे आजारी माणसाचं ताट कोण ठरवतं?