मामाचा काँगो, व्हाया अपशिंगे मिलिटरी

मामा एएससीतून, म्हणजे लष्कराच्या रसद-वाहतुकीच्या दलातून, ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला, त्यात एक वर्ष काँगोत यूएनच्या मिशनवर होता, पण आम्हाला त्यातलं माहीत काय तर त्या भत्त्यातून घरावर स्लॅब पडला एवढंच. परवा त्याचा तिकडचा जोडीदार भेटायला बोलावत होता म्हणून त्याला घेऊन अपशिंगेला गेलो. साताऱ्याहून कराडकडे जाताना नागठाण्याजवळ. घरटी फौजी असलेलं हे गाव, पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान गेले असं सांगतात, इंग्रजांनी उभारलेला स्तंभ अजून आहे. मामाने गाडी थांबवायला लावली, चप्पल काढली, सलाम ठोकला आणि परत येऊन बसला. बोलला काहीच नाही.

जोडीदार सुभेदार म्हणून निवृत्त. चहा यायच्या आधीच दोघं २००८ च्या गोमात, म्हणजे पूर्व काँगोतल्या त्या शहरात पोचले! खाली सगळा काळा लाव्हा, तंबूची मेख ठोकायची तर हात भरून यायचे, आणि रात्री न्यिरागोंगो ज्वालामुखीवरचं आभाळ लालभडक. ‘पहिल्या रात्री मला वाटलं गावाला आग लागली,’ मामा म्हणाला. तिथे स्वाहिलीत हळूहळूला ‘पोले पोले’ म्हणतात, तर पोरं ट्रकमागे ‘पोले पोले’ ओरडायची आणि ह्याला आठवडाभर वाटत होतं की पोळ्या मागतायत, एकदा लंगरमधून खरंच चार चपात्या आणून दिल्या म्हणे. सुभेदार साहेब हसून हसून खोकायला लागले.

मग ऑक्टोबरचा विषय निघाला. बंडखोर गोमाकडे सरकत होते, आम्हाला वाचवत का नाही म्हणून लोक भडकलेले, आणि यूएनच्या पांढऱ्या गाड्या दिसल्या की दगड. मामाच्या ट्रकची काच फुटली. ‘आपल्यामागे बंदूक आहे, पण ती ह्या लोकांवर उचलायची नाही. स्टेअरिंग धरून बसायचं,’ एवढंच म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवून विसरला, ते तुटून खाली गेलं.

उठताना माझं लक्ष शोकेसकडे गेलं. आत लाकडाची छोटी चुकुडू, म्हणजे तिकडची दोन चाकांची ढकलगाडी, खरी असते तिच्यावर कोळशाची पोती रचून माणसं उतारावरून सुसाट येतात. अगदी अशीच एक आमच्याकडे होती, मामाच्या काळ्या ट्रंकेत, आम्हाला वाटायचं जत्रेतली आहे.

‘मामा, आपली कुठे गेली रे?’

‘तूच चाक मोडलंस. दुसरीत होतास.’

परतीला त्याने चावी मागून घेतली. म्हणे तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस.